लाळेतून लायकेन प्लॅनसचा मागोवा : ग्रामीण दवाखान्यात नमुना कसा घ्यावा आणि आकडा कसा वाचावा

"तोंड आलं जी, तिखटाचा घास घेणं होत नाही," असे सांगत पन्नाशीची एखादी शेतमजूर बाई ग्रामीण रुग्णालयात येते, तेव्हा बहुधा तिला बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि तोंडात लावायचे मलम देऊन परत पाठवले जाते. उजेडात गाल बाजूला करून पाहिले, तर अशा रुग्णांपैकी काहींच्या दोन्ही गालांच्या आतून जाळीसारख्या पांढऱ्या रेषा दिसतात आणि त्या रेषांमध्ये लालसर किंवा सोललेले भाग असतात. हा ओरल लायकेन प्लॅनस होय. लायकेन प्लॅनसचे वर्णन इरॅस्मस विल्सन यांनी १८६९ मध्ये केले आणि त्यातील पांढऱ्या रेषांना १८९५ मध्ये त्या बारकाईने नोंदवणाऱ्या विकहॅम यांचे नाव मिळाले. या आजारात शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेतील टी-पेशी तोंडाच्या अस्तराच्या सर्वांत खालच्या थरातील पेशींवर हल्ला करतात. तो संसर्गजन्य नाही, परंतु वर्षानुवर्षे टिकतो, मधूनच भडकतो आणि मधूनच शमतो. जागतिक आरोग्य संघटना त्याला कर्करोगाची शक्यता असलेल्या विकारांमध्ये धरते. ही शक्यता साधारणपणे शंभरात एक इतकी, म्हणजे थोडी असली तरी दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

म्हणून या रुग्णांवर दीर्घकाळ नजर ठेवावी लागते, आणि तेथेच अडचण येते. डोळ्यांना लाली कमी झालेली दिसते, रुग्ण म्हणते की आग तेवढीच आहे, आणि तीन महिन्यांनी दुसरा डॉक्टर पाहतो तेव्हा आधीची लाली किती होती हे कोणालाच आठवत नाही. लाळेतील दाहदर्शक, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेतील मार्कर, या ठिकाणी उपयोगी पडू शकतात, कारण लाळ रोज त्या जखमी अस्तरावरूनच वाहत असते आणि ती घेण्यासाठी सुई टोचावी लागत नाही. पुढील कार्यपद्धती ग्रामीण रुग्णालयातील दंतशल्यचिकित्सक, समुदाय आरोग्य अधिकारी आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्यासाठी लिहिली आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. लाळेतील दाहदर्शकांवरून लायकेन प्लॅनसचे निदान होत नाही, आणि नित्य उपचारासाठी सर्वमान्य झालेली अशी एकही लाळचाचणी आज नाही. आजाराचे निदान तोंडाची तपासणी आणि बायोप्सी, म्हणजे चट्ट्याचा छोटा तुकडा काढून केलेली तपासणी, यांनीच होते. लाळ केवळ एकाच रुग्णाची आजची स्थिती त्याच रुग्णाच्या कालच्या स्थितीशी ताडून पाहण्यासाठी वापरावी.

लाळेत काय मोजायचे

लाळेत नव्याण्णव टक्के पाणीच असते. उरलेल्या एका टक्क्यात क्षार, प्रथिने, अस्तराच्या गळून पडलेल्या पेशी आणि जंतू असतात. दाह सुरू झाला की अस्तरातील पेशी आणि तेथे जमलेल्या टी-पेशी इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८ आणि टीएनएफ-अल्फा ही संदेशवाहक प्रथिने सोडतात. ज्यांच्या तोंडात लायकेन प्लॅनसच्या सोललेल्या जखमा आहेत अशा रुग्णांच्या लाळेत ती निरोगी व्यक्तींपेक्षा वाढलेली आढळली आहेत, आणि डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने गुळण्या करण्याचा उपचार सहा आठवडे दिल्यावर ती उतरलेलीही आढळली आहेत. दुसरा गट पेशींच्या पटलातील स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण दाखवणाऱ्या पदार्थांचा आहे. त्यांत मॅलॉनडायअल्डिहाइड सर्वांत परिचित आहे आणि त्याची चाचणी तुलनेने स्वस्त पडते. कॉर्टिसॉल या ताणाशी संबंधित संप्रेरकाचेही नाव अनेकदा घेतले जाते, कारण ताणाने हा आजार भडकतो असे रुग्ण स्वतः सांगतात. पण लाळेतील कॉर्टिसॉल झोपेतून उठल्यानंतर अर्ध्या तासाच्या आसपास शिखर गाठते आणि मग दिवसभर उतरत जाते. त्यामुळे पहाटे चारला उठून शेतात जाणाऱ्या बाईचा आणि सातला उठणाऱ्या शिक्षकाचा दहा वाजताचा आकडा एकमेकांशी ताडता येत नाही. ज्यांना उठण्याची वेळ नेमकी नोंदवणे शक्य नाही त्यांनी कॉर्टिसॉलच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) कोणत्याही जीवरसायन प्रयोगशाळेत मोजता येते म्हणून मोह होतो. त्याचे काही प्रकार थंडीत आपली शक्ती गमावतात. गोठवून ठेवलेल्या नमुन्यात आकडा उतरलेला दिसला, तर तो रुग्णाचा सुधार आहे की शीतपेटीचा परिणाम हे ओळखता येत नाही. शिवाय हिरड्यांतील रक्त आणि तोंडातील जंतू यांमधूनही ते येते. ते मोजायचेच असेल तर त्याच दिवशी ताज्या लाळेत मोजावे.

सर्व काही मोजण्याची गरज नाही. एक संदेशवाहक प्रथिन, म्हणजे इंटरल्यूकिन-६ किंवा इंटरल्यूकिन-८, त्याच्या जोडीला मॅलॉनडायअल्डिहाइड आणि लाळेतील एकूण प्रथिने एवढे पुरे. त्याबरोबर दर मिनिटाला किती लाळ सुटते हे मोजणे अनिवार्य आहे. या शेवटच्या आकड्याला खर्च काहीच येत नाही आणि बहुतेक जण नेमका तोच विसरतात.

रुग्णाची निवड आणि पूर्वतयारी

ज्या रुग्णाचे निदान बायोप्सीने झालेले आहे त्याचाच मागोवा लाळेतून घ्यावा. त्यासाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय किंवा वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालय अशा ठिकाणी रुग्णाला एकदा तरी पाठवावे लागते. बायोप्सीच्या आधीच लाळेचा पहिला नमुना घेतलेला उत्तम. तसे झाले नसेल तर टाके काढून जखम पूर्ण भरल्यावर घ्यावा.

आपल्या विदर्भात या निवडीला एक वेगळी अडचण आहे आणि तिचे नाव खर्रा आहे. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेली ती पुडी ज्या गालात धरून ठेवली जाते, त्याच गालात लायकेन प्लॅनससारख्या रेषा उमटू शकतात. दोन्ही बाजूंनी सारख्या रेषा असतील तर लायकेन प्लॅनसचा विचार करावा. पुडी ठेवण्याच्या एकाच जागी असतील तर प्रथम खर्रा बंद करून पाहावे. गुडाखू किंवा नस, म्हणजे दातांना लावायची तंबाखू, घासणाऱ्या स्त्रियांमध्ये हिरड्यांच्या बाजूला हाच घोळ होतो. त्या स्वतःहून सांगत नाहीत आणि सासूसमोर विचारल्यास नाहीच म्हणतात, म्हणून हा प्रश्न एकांतात विचारावा. औषधांचीही चौकशी करावी. रक्तदाबाची काही औषधे, मधुमेहाच्या काही गोळ्या आणि वेदनाशामक गोळ्या यांनी अगदी तसेच दिसणारे चट्टे येतात. विदर्भात सिकलसेलचे आणि एकूणच रक्तक्षयाचे प्रमाण बरेच असल्याने हिमोग्लोबिनची नोंद पहिल्याच दिवशी घ्यावी, कारण रक्तक्षयानेही जीभ गुळगुळीत होऊन तिखट झोंबते आणि ती आग आपण उगाच लायकेन प्लॅनसच्या खात्यावर मांडतो.

हिरड्यांची स्थिती हा सर्वांत मोठा अडथळा आहे. हिरड्यांना सूज असेल, दाबल्यावर रक्त येत असेल, तर तेथूनही हेच दाहदर्शक लाळेत उतरतात आणि गालातील आजाराचा आवाज त्या गोंगाटात हरवून जातो. म्हणून आधी दातांवरील किटण काढून घ्यावे, दोन-तीन आठवडे थांबावे आणि मग मूळ नमुना घ्यावा. लायकेन प्लॅनस हिरड्यांवरच असेल तर हा उपाय पुरा पडत नाही. तेथे किमान रुग्णाची दात घासण्याची पद्धत सुधारून प्रत्येक भेटीत हिरड्यांतून रक्त येते की नाही एवढी नोंद ठेवावी.

पहिल्या दिवशी तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. पहिली म्हणजे चट्ट्यांचा दर्जा. यासाठी थोंगप्रासोम यांची शून्य ते पाच ही श्रेणी सोपी आहे. चट्टा नसेल तर ०, केवळ पांढऱ्या रेषा असतील तर १, रेषांबरोबर एक चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान लाल पातळ भाग असेल तर २ आणि त्याहून मोठा असेल तर ३, सोललेली जखम एक चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर ४ आणि मोठी असेल तर ५. दुसरी म्हणजे रुग्णाला होणारी आग. यासाठी शंभर मिलिमीटरची रेघ दाखवून आग किती तेथे खूण करायला सांगतात, पण ज्यांना कागदावरील रेघ परकी वाटते त्यांना मी "ज्वारीची भाकर आणि बिनतिखटाचे वरण जाते का, साधी भाजी जाते का, ठेचा जातो का" असे विचारतो आणि ते उत्तर रेघेवरील खुणेच्या शेजारी लिहून ठेवतो. तिसरी म्हणजे छायाचित्र. ते दर वेळी त्याच खोलीत, त्याच उजेडात, चट्ट्याजवळ मोजपट्टी धरून घ्यावे.

नमुना घेण्याचा दिवस

नमुना सकाळी नऊ ते अकरा या वेळात घ्यावा आणि त्या रुग्णासाठी ठरलेली वेळ पुढील प्रत्येक भेटीत तीच राखावी, कारण लाळेचा प्रवाह दिवसभर सारखा नसतो. झोपेत तो जवळजवळ थांबतो आणि दुपारनंतर वाढतो. ही अट सांगायला सोपी असली तरी कापूस वेचणीच्या दिवसांत किंवा पूर्वेकडे धानाच्या रोवणीच्या दिवसांत कोणतीही मजूर बाई सकाळी दहाला दवाखान्यात येणार नाही, आणि तिने रोजी बुडवून यावे असे आपणही म्हणू नये. भेटीचे दिवस पेरणी, रोवणी आणि वेचणी यांचे वेळापत्रक समोर ठेवूनच ठरवावेत. आठवडी बाजाराचा दिवस यासाठी चांगला असतो, मात्र रुग्णाला बाजारात जाण्याआधी बोलवावे. भजी आणि चहा झाल्यावर आलेल्या रुग्णाला दीड तास बसवून ठेवावे लागते.

नमुन्याआधी दीड तास खाणे, चहा, खर्रा, तंबाखू, विडी यांपैकी काहीही नको. एक तास दात घासणे नको, कारण ब्रशने हिरड्यांतून नकळत रक्त येते. साधे पाणी पिण्यास हरकत नाही, पण शेवटची दहा मिनिटे तेही नको. उपाशीपोटी या, असे मात्र चुकूनही सांगू नये. रक्ताच्या तपासणीची सवय असल्याने लोक आदल्या रात्रीपासून उपाशी राहतात, लाळ आटते आणि नमुना बिघडतो. एकादशी, श्रावणी सोमवार किंवा नवरात्राचा उपास असेल तर तशी नोंद करावी, आणि निर्जळी उपास असेल तर भेट पुढे ढकलावी. सर्दी, ताप, नुकताच काढलेला दात, ओठावर उठलेले फोड (जर) यांपैकी काही असेल तरीही पुढची तारीख द्यावी.

आता सर्वांत जास्त चुका जेथे होतात त्या भागाकडे वळतो. आपल्याकडे "थुंकी तपासणी" या शब्दाचा अर्थ गावोगाव ठरलेला आहे, आणि तो क्षयरोगाची तपासणी असा आहे. रुग्णाच्या हाती डबी देऊन "यात थुंका" म्हटले की तो घसा खाकरून छातीतला बेडका काढतो. तो आपल्या उपयोगाचा नसतो. त्याहून वाईट म्हणजे बाहेर बसलेल्या शेजाऱ्यांना आपल्याला क्षय असल्याचा संशय येईल या भीतीने काही जण पुढच्या भेटीला येतच नाहीत. म्हणून थुंकी हा शब्द वापरू नये. "तोंडात आपोआप सुटणारी लाळ हवी आहे, खाकरायचे नाही, ओढायचे नाही, ही टीबीची तपासणी नाही," असे स्पष्ट शब्दांत आणि शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगावे. गडचिरोलीच्या काही भागांत गोंडी किंवा माडिया आणि मेळघाटात कोरकू बोलणारे रुग्ण असतात. तेथे आशाताईंकडून त्यांच्या बोलीत हे सांगून घ्यावे आणि संमतीही त्याच बोलीत घ्यावी. लाळ संशोधनासाठी जाणार असेल तर ते वेगळे सांगून वेगळी संमती घ्यावी लागते आणि प्रकल्पाला नैतिक समितीची मान्यता असावी लागते.

चारचौघांत लाळ गाळणे कोणालाही संकोचाचे वाटते. रुग्णाला पडद्याआड, भिंतीकडे तोंड करून, पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर बसवावे. साध्या पाण्याने चूळ भरायला सांगून पाच ते दहा मिनिटे शांत बसू द्यावे. कृत्रिम दात असतील तर काढून ठेवावेत. त्यानंतर तोंडातील सर्व लाळ एकदा गिळायला सांगावी आणि त्याच क्षणी घड्याळ लावावे. यापुढे पाच मिनिटे गिळायचे नाही, बोलायचे नाही, जीभ हलवायची नाही. मान किंचित पुढे झुकवून ओठ उघडे ठेवावेत आणि खालच्या ओठामागे साठणारी लाळ फनेलमधून नळीत आपोआप पडू द्यावी. ज्यांना हे जमत नाही त्यांनी दर मिनिटाला एकदा साठलेली लाळ हळूच नळीत सोडावी. कोणतीही एक पद्धत चालते, पण एकाच रुग्णाला एकदा ही आणि एकदा ती असे करू नये. कापसाचा बोळा तोंडात ठेवून लाळ शोषून घेण्याची युक्ती टाळावी, कारण कापसाला प्रथिने चिकटून राहतात.

आपल्याला विसाव्याची लाळ हवी आहे, उत्तेजित लाळ नको. खोलीच्या मागे स्वयंपाकघर असेल आणि फोडणीचा वास येत असेल, किंवा बाहेर कोणी कैरी कापत बसले असेल, तर लाळ जास्त सुटते, पातळ होते आणि प्रथिनांची तीव्रता बदलते. हे हसण्यावारी नेऊ नये. एका शिबिरात आमची खोली जेवणाच्या मंडपाला लागून होती, आणि त्या दिवशीच्या सर्व नमुन्यांत लाळेचा प्रवाह इतर भेटींपेक्षा ठळकपणे जास्त निघाला.

नळी आधी रिकामी तोलावी आणि नंतर लाळेसह तोलावी. सराफाकडे असतो तसा शंभरांश ग्रॅमपर्यंत तोलणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा यासाठी पुरेसा आहे. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलीटर धरून पाचाने भागले की दर मिनिटाचा प्रवाह मिळतो. निरोगी माणसात विसाव्याच्या लाळेचा प्रवाह मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलीटरच्या आसपास असतो, म्हणजे पाच मिनिटांत दीड ते दोन मिलिलीटर लाळ मिळते. मिनिटाला ०.१ मिलिलीटरपेक्षा कमी प्रवाह म्हणजे कोरडे तोंड. अशा रुग्णाच्या औषधांची यादी पुन्हा पाहावी, विशेषतः झोपेच्या, नैराश्याच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्या. नमुन्यात गुलाबी छटा दिसली तर त्यात रक्त आहे असे समजून तो टाकून द्यावा. सुपारीचे कण दिसले तर रुग्णावर न रागावता पुन्हा चूळ भरायला लावून, अर्धा तास थांबून दुसरा नमुना घ्यावा आणि शेवटचा खर्रा केव्हा खाल्ला हे पुन्हा विचारावे. दुसऱ्या वेळी उत्तर बहुधा खरे मिळते.

बर्फ, बस आणि फ्रीज

लाळेत जंतूंकडून आणि पांढऱ्या पेशींकडून आलेली, प्रथिने तोडणारी विकरे असतात. ती तोंडातून बाहेर आल्यावरही आपले काम चालूच ठेवतात. उष्ण हवेत तर ते काम झपाट्याने चालते, आणि मे महिन्यात चंद्रपूर किंवा ब्रह्मपुरीकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा खोलीचे तापमान या शब्दाला काही अर्थच उरत नाही. म्हणून नळी तोंडाजवळ धरलेली असतानाच बर्फाच्या पेल्यात उभी असावी आणि तासाभरात पुढची प्रक्रिया व्हावी. प्रयोगशाळेत सेंट्रिफ्यूज असल्यास नमुना थंड ठेवून सुमारे पंधरा मिनिटे फिरवावा, वरचे स्वच्छ द्रव अर्धा-अर्धा मिलिलीटर करून तीन लहान पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्यांत भरावे आणि नळ्या गोठवाव्यात. तीन नळ्या यासाठी, की एकदा वितळलेला नमुना पुन्हा गोठवून पुन्हा वापरता येत नाही. दीर्घ साठवणीसाठी उणे ८० अंश लागतात. तालुक्याच्या ठिकाणी उणे २० चा फ्रीझर मिळाला तरी तो थोड्या दिवसांपुरता मानावा आणि वीज किती वेळ गेली होती याची वही फ्रीझरच्या दारालाच बांधून ठेवावी.

लसींच्या शीतसाखळीचा फ्रीज जवळच असतो आणि रिकामाही दिसतो. त्यात लाळेच्या नळ्या ठेवू नयेत. तो केवळ लसींसाठी आहे. स्वतंत्र थर्मोकोलची पेटी घ्यावी. गोठवलेले नमुने नागपूरला न्यायचे असतील आणि कोरडा बर्फ मिळत नसेल, तर फोडलेल्या बर्फात जाडे मीठ मिसळावे. कुल्फीवाला हेच करतो, आणि त्याने तापमान शून्याच्या पुरेसे खाली राहून नमुना काही तास गोठलेला राहतो. जो नमुना अजून गोठवलेलाच नाही तो मात्र मिठाच्या बर्फात न ठेवता साध्या बर्फातच न्यावा, नाहीतर अर्धवट गोठण्याने तो बिघडतो. नळीवर शाईच्या पेनने लिहिलेले नाव बर्फाच्या पाण्यात पुसले जाते. रुग्णाचे नाव न लिहिता संकेतांक, तारीख आणि वेळ पुसली न जाणाऱ्या पेनने लिहावी.

हे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण माझी स्वतःची एक चूक आहे. एका उन्हाळ्यात बस वाटेत बंद पडली, पेटीतील बर्फ वितळला आणि मी ते नोंदवले नाही. अहवालात इंटरल्यूकिन-८ जवळजवळ नाहीसे झालेले पाहून मी ते गुळण्यांच्या औषधाचे यश समजलो. महिन्याभराने छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली तेव्हा चट्टे जसेच्या तसे होते. प्रथिन रुग्णाच्या तोंडात कमी झाले नव्हते, ते माझ्या पेटीत कुजले होते.

नमुना घेताना हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी, कारण लाळेतून काही संसर्ग पसरू शकतात. वापरलेल्या प्लास्टिकच्या नळ्या आणि हातमोजे लाल पिशवीत, लाळेने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत टाकावा.

प्रयोगशाळेत आणि नंतर

इंटरल्यूकिन मोजण्याची नेहमीची पद्धत एलायझा, म्हणजे प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिन मोजण्याची चाचणी, ही आहे. तिच्या एका ताटलीत ९६ खळगे असतात. प्रमाण द्रावणांना, म्हणजे ज्यांची तीव्रता आधीच माहीत आहे अशा द्रावणांना, दोन-दोन करून सोळा खळगे लागले, तर उरलेल्या ८० मध्ये प्रत्येकी दोनदा मोजून चाळीस नमुने बसतात, म्हणजे दहा रुग्णांच्या चार-चार भेटी. एकाच रुग्णाच्या सर्व भेटींचे नमुने एकाच ताटलीत मोजून घ्यावेत, कारण एका ताटलीतील आकडा दुसऱ्या ताटलीशी तंतोतंत जुळत नाही. याचा परिणाम सरळ आहे. आजच्या लाळेचा आकडा काही महिन्यांनी हाती येतो आणि आजची मलमाची मात्रा त्यावरून ठरवता येत नाही. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी या फंदात पडू नये. जोडीतील दोन खळग्यांच्या आकड्यांत १५ टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर तो नमुना पुन्हा मोजायला सांगावा. त्यासाठीच दुसरी नळी राखून ठेवलेली असते.

भेटींचे वेळापत्रक असे ठेवावे. उपचार सुरू करण्याआधी आठवड्याच्या अंतराने दोन नमुने, मग सहा आठवड्यांनी एक, नंतर तीन आणि सहा महिन्यांनी. ताटलीत जागा कमी असेल तर शेवटचा सोडावा, पण सुरुवातीचे दोन सोडू नयेत. त्या दोन आकड्यांतील फरक म्हणजे काहीही न करता या रुग्णाचा आकडा किती हलतो याचे माप. पुढे दिसलेला बदल त्याहून मोठा असेल तरच त्याला बदल म्हणावे.

आकडा वाचताना प्रवाह विसरू नये. समजा जानेवारीत एका रुग्णाचा प्रवाह मिनिटाला ०.४ मिलिलीटर आणि एखाद्या दाहदर्शकाची तीव्रता दर मिलिलीटरला ३० एकक होती, आणि मे महिन्यात प्रवाह ०.२ व तीव्रता ६० निघाली. अहवालावर आकडा दुप्पट दिसेल. परंतु मिनिटाला सुटणारे प्रमाण दोन्ही वेळा १२ एककच आहे. आजार वाढलेला नाही, बाई उन्हात पाण्यावाचून राहिली आहे. तिला मलमापेक्षा पाण्याची गरज आहे.

चट्टे सुधारले आणि आकडाही उतरला तर औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करता येतो. चट्टे सुधारले पण आकडा उतरला नाही, तर प्रथम हिरड्या पाहाव्यात, मग खर्रा पुन्हा सुरू झाला का ते विचारावे, आणि स्टेरॉइडच्या मलमामुळे बुरशी वाढली आहे का हे पाहण्यासाठी अस्तर खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडने तपासावे. आकडा उतरला पण चट्टे तसेच असतील तर डोळ्यांवर विश्वास ठेवावा आणि नमुन्याच्या वाहतुकीची चौकशी करावी. चट्टा कडक लागत असेल, एकाच जागची जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, लाल भागाचा पोत खडबडीत झाला असेल किंवा मानेत गाठ लागत असेल, तर लाळेचा आकडा कितीही चांगला असला तरी त्याच आठवड्यात पुन्हा बायोप्सीसाठी पाठवावे. इंटरल्यूकिन-८ तोंडाच्या कर्करोगातही वाढलेले आढळते, म्हणून वाढलेल्या आकड्याने दोन आजारांतील फरक सांगता येत नाही आणि कमी आकड्याने धोका टळला असे म्हणता येत नाही.

ज्याच्या गालात पांढरे, घट्ट पट्टे आहेत आणि तोंड पूर्ण उघडत नाही, तो सबम्युकस फायब्रोसिसचा, म्हणजे सुपारीने गाल आतून घट्ट होण्याच्या आजाराचा, रुग्ण आहे. मॅलॉनडायअल्डिहाइड त्याच्याही लाळेत वाढते. तरी त्याच्यासाठी लाळ गोळा करण्यापूर्वी एक साधी पट्टी घेऊन वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधील अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे आणि दर भेटीत मोजत राहावे. ३५ मिलिमीटरच्या खाली गेलेले अंतर आणि चालू असलेला खर्रा या दोन नोंदी त्या रुग्णाबाबत कोणत्याही प्रथिनापेक्षा जास्त सांगतात.

अहवाल आल्यावर तो रुग्णाला समजावून सांगावा. आकडे न सांगता तिची पहिली आणि आजची छायाचित्रे मोबाइलवर शेजारी-शेजारी ठेवून दाखवावीत आणि ठेचा आता जातो का, हे पुन्हा विचारावे. पुढच्या भेटीची तारीख बाजाराच्या दिवसाच्या नावानिशी तिच्या कार्डावर लिहावी, आणि खाली ठळक अक्षरांत "जेवून यावे, पण दीड तास आधी" असे लिहून द्यावे.